वरून दिसेल अशी फुली

टॉवर हे नाव त्याला उंचीवरून पडलेलं नव्हतं. उंचीच्या बाबतीत निसर्गाने हात आखडताच घेतला होता, आणि ती कसर भरून काढायला तो टोपी घालत असे. नाव पडलं ते पत्र्याच्या खोलीवरून. शेतांच्या मधोमध एक धावपट्टी होती, तिच्या कडेला खांबांवर उभारलेली एक पत्र्याची खोली होती, आणि त्या खोलीत बसून तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, हा कंट्रोल टॉवर आहे, पाय पुसून वर या. येणारंजाणारं खरं तर कुणी नव्हतंच. एकदा विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसाने ते ऐकलं, गावात जाऊन सांगितलं आणि गावाने ते नाव त्याला तिथल्या तिथे चिकटवून टाकलं. गावाला दुसरं काम नव्हतं. टॉवरलाही नव्हतं. गावाला ते ठाऊक होतं आणि टॉवरला नव्हतं, एवढाच काय तो फरक.

पट्टी बांधली होती एका कारखानदाराने. शहरातून आपल्या शेतघरी यायला त्याला मोटारीने अर्धा दिवस लागे, आणि श्रीमंत माणसाला वेळ वाया गेलेला चालत नाही; वाचवलेल्या वेळाचं करायचं काय हे त्याला माहीत नसलं तरी. त्याने गव्हाची चांगली पिकती जमीन विकत घेतली, तिच्यावर लांबलचक डांबर ओतलं, भोवती तारेचं कुंपण घातलं आणि एक छोटं पांढरं विमान घेऊन तो अधूनमधून येऊ लागला. विमान यायच्या दिवशी पट्टीवरची गुरं हाकलायला एक माणूस हवा होता. त्या कामावर टॉवरची नेमणूक झाली. कारखानदार घाईत होता. जाता जाता म्हणाला, "इथलं सगळं तुम्हीच मॅनेज करा." मॅनेज करतो तो मॅनेजर, हे व्याकरण टॉवरने जागच्या जागी सोडवलं आणि दुसऱ्या दिवशी टोपी शिवायला टाकली.

तेव्हापासून जगात त्याच्या लेखी दोनच जाती उरल्या: हवेतले लोक आणि जमिनीवरचे लोक. हवेतल्यांमध्ये कारखानदार, त्याचा वैमानिक आणि स्वतः टॉवर. जमिनीवरच्यांमध्ये बाकीचं सगळं गाव, त्याची बायको आणि विशेषतः बायकोचा धाकटा भाऊ. या मेहुण्याचं घर पट्टीच्या अलीकडे आणि शेत पलीकडे. सरळ चालत गेला तर विडी संपायच्या आत पोचेल. पण चालू धावपट्टी ओलांडायची नाही असा टॉवरचा नियम होता, म्हणून मेहुणा खांद्यावर फवारणीचा पंप घेऊन कुंपणाच्या कडेकडेने सगळा वळसा घालून जाई, आणि गव्हापेक्षा जास्त शिव्या पेरत जाई.

टॉवर त्याला समजावून सांगे, की उद्या विमान आलं आणि तू नेमका मधे सापडलास, तर तुझ्या बहिणीला मी काय तोंड दाखवू?

"विमान आलं एवढंच सांगा, दाजी," मेहुणा म्हणे. "आश्चर्याने ती माझं मरण विसरून जाईल."

टॉवर यावर हसत नसे. जमिनीवरच्या माणसांच्या विनोदाला हसलं की ती सलगी करतात, असं त्याचं मत होतं.

पुढे कारखान्याला उतरती कळा लागली आणि विमान यायचं थांबलं. मग एके दिवशी शहरातल्या ऑफिसातून कारकुनाचा फोन आला. कारकून म्हणाला, "साहेबांनी विमान काढलं. आता पट्टीवर फुली मारून घ्या. दोन्ही टोकांना, मोठी, वरून दिसेल अशी. आणि दर वर्षी ताजी करत चला." एवढं बोलून त्याने फोन ठेवला, कारण कारकुनाच्या मते एवढ्यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

ज्या भाषेत गाडी काढली म्हणजे होती ती विकली असाही अर्थ होतो आणि नवी घेतली असाही, त्या भाषेत असले निरोप फोनवर देऊ नयेत. टॉवरने "विमान काढलं" ऐकलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर नवंकोरं विमान उभं राहिलं, आधीच्याहून थोरलं, दोन इंजिनांचं. फुलीचंही तेच. नावावर फुली मारली की माणूस संपला, पण चौकटीत फुली मारली की तोच निवडला. टॉवर शाळेत जी एकमेव परीक्षा धड पास झाला होता, ती "योग्य उत्तरापुढे फुली मारा" या जातीची होती. त्यामुळे फुलीबद्दल त्याच्या मनात पहिल्यापासून आदर होता. शिवाय "वरून दिसेल अशी" या शब्दांनी शंकेला जागाच ठेवली नव्हती. नकोशी गोष्ट कोण वरून दिसेल अशी रंगवून ठेवतं? फुली म्हणजे इथे उतरा, हीच ती जागा.

विमानवाल्यांच्या जगात धावपट्टीवरच्या फुलीचा अर्थ एकच असतो: पट्टी बंद आहे, उतरू नका. पण टॉवरला हे कोण सांगणार? त्याला काहीही सांगायला गेलं की तो आधी टोपी सरळ करी, आणि सांगणारा तिथेच खचे.

दर वर्षी हवा कोरडी झाली की फुलीचं काम निघे. बायको पत्र्याच्या टिपात चुना भिजवी, त्यात सरस घालून काठीने ढवळी, बादल्या भरभरून पट्टीवर नेई. टॉवर खुंट्या ठोकून दोरी ताणे आणि कुंचल्याने रेघ ओढी. तिचे हात चुन्याने फुटत, तो तिला सांगे की अशी संधी सगळ्या बायकांना मिळत नाही. वर्षागणिक चुन्याचे थर चढत गेले. एखादं लहानसं विमान वरून जाई, पट्टीवर जरा खाली येऊन बघे आणि निघून जाई. टॉवर टोपी हलवत त्याच्यामागे पट्टीच्या टोकापर्यंत धावे, आणि परत येऊन धापा टाकत सांगे की फुली अजून पुरेशी ठळक झालेली नाही. मग पुढच्या वर्षी फुलीचे हात आणखी रुंद होत. एखाद्याने आपल्या दाराला कुलूप ठोकावं, पाहुणे परत जाताना बघून आणखी मोठं कुलूप आणावं, आणि शेजाऱ्यांना सांगावं की लोकांना आजकाल रीतभात राहिलेली नाही, असा तो प्रकार होता. चालला मात्र कित्येक वर्षं, कारण ऑफिसातून पगार येत राहिला. पट्टी आहे हे जसं कारखानदाराच्या मागे कारभार बघणारा त्याचा मुलगा विसरला होता, तसाच पगार आहे हेही विसरला होता.

वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी उन्हाने फाटली, तेव्हा बायकोने टॉवरच्या जुन्या विजारीचा एक पाय कापून तिथे लावला. वारा सुटला की विजारीचा तो पाय खांबावर फुगून आडवा होई आणि हवेत लाथा झाडी. गावात म्हणत, टॉवरचा एक पाय तरी हवेत पोचला.

मग त्या बाई आल्या.

मोटारीतून आल्या, एकट्या, आणि फाटकापाशी उतरून म्हणाल्या की मी पलीकडच्या विमानशाळेत शिकवते, पट्टी बघायला आलेय. टॉवरने विचारलं, पायलट कुठे आहेत? बाई म्हणाल्या, मीच. टॉवरने तरीही वाकून मोटारीच्या मागच्या सीटवर नजर टाकली. तिथे एक छत्री होती. तेव्हा कुठे त्याने टोपी सरळ केली आणि बाईंना टॉवरवर घेऊन गेला, पाय पुसायला लावून.

बाईंनी पट्टी चालून बघितली, डांबरात पडलेल्या भेगा बघितल्या, खांबावरची पिशवी बघितली. म्हणाल्या, "याला खिसा आहे."

"नवीन पद्धतीची आहे," टॉवर म्हणाला.

मग त्या फुलीपाशी थांबल्या. बुटाच्या टोकाने त्यांनी चुन्याचा थर टोकरून पाहिला. बोटभर जाड होता.

"ही कोणी काढली?"

टॉवरने छाती पुढे काढली. "मी. दर वर्षी ताजी करतो. स्वतः उभं राहून."

"छानच काढलीय. टेकड्यांच्या पलीकडून दिसते. आम्ही नव्या मुलांना मुद्दाम इकडून घेऊन जातो. म्हणतो, बघा, बंद पट्टीची खूण असावी तर अशी."

"बंद पट्टीची," टॉवर म्हणाला. त्याला तो प्रश्न करायचा होता, पण आवाज वर गेलाच नाही.

"फुली म्हणजे पट्टी बंद, उतरू नका." बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हाला ठाऊकच असणार."

"असणारच," टॉवर म्हणाला.

बायको पाण्याचा तांब्या घेऊन मागेच उभी होती. तिने तांब्या दुसऱ्या हातात घेतला, एवढंच.

बाईंचं बाकीचं बोलणं टॉवरच्या कानांवरून गेलं, पण मुद्दे काही चुकले नाहीत. शाळेला ही पट्टी हवी होती. कारखानदाराच्या मुलाने होकार दिला होता. पट्टी आपली आहे हे ऐकून त्याला आश्चर्यच वाटलं होतं. येत्या सोमवारी सकाळी बाई स्वतः विमान घेऊन येणार, एकदा उतरून बघणार, आणि सगळं ठीक असलं तर शाळेचा एक वर्ग इथे सुरू होणार. फक्त तोवर दोन्ही फुल्या खरवडून काढायला हव्यात. एक जरी दिसली तरी मला उतरता येणार नाही, नियम आहे, त्या म्हणाल्या. मुलांच्या जेवणाचं इथे कोणी बघेल का, असंही त्यांनी विचारलं.

"मी बघेन," बायको म्हणाली. प्रश्न अजून पुरता संपलाही नव्हता.

टॉवरने घसा साफ केला आणि मॅनेजरची व्यवस्था काय असेल असं विचारलं. बाई सरळ मनाच्या होत्या, त्यामुळे त्यांनी सरळ उत्तर दिलं, आणि सरळ उत्तरासारखं घातकी काही नसतं. मॅनेजर शाळेचा येईल, त्याला परवाना लागतो. "तुम्ही फाटक आणि गुरं बघा. आत्ता बघता तसंच."

मोटार गेली. बायकोने बाईंनी टोकरलेला चुन्याचा पापुद्रा उचलून पाहिला. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी चुना कालवत होते, तो आपल्यालाच लावायला."

टॉवरने तिला सांगितलं की ही हवेतली गोष्ट आहे, तुला समजायची नाही. तिला समजली होती, आणि ती समजली आहे हे त्यालाही समजलं होतं. त्या घरात एवढ्या गोष्टी एकदम कोणाला समजण्याची ही पहिलीच वेळ होती.

त्या आठवड्यात बायकोच्या अंगात वारं शिरलं. तिने मागची खोली रिकामी केली, भिंती धुतल्या, भावाकडून त्याच्या सासूची मोठी पातेली उसनी आणली आणि ती उन्हात पालथी घालून ठेवली. मेहुण्याने दोन लांब बाकं ठोकून दिली. तो वळसा घालून आला आणि वळसा घालूनच गेला, पण शिव्या दिल्या नाहीत. बायको कामाच्या नादात गुणगुणते हे टॉवरला तेव्हाच कळलं, आणि ते त्याला अजिबात आवडलं नाही.

तो वर खोलीत बसून विचार करत होता. विचार करायची सवय नसलेल्या माणसाला तो फार जड जातो. फुली चुकली याचं त्याला एवढं दुःख नव्हतं. चूक कोणाच्या हातून होत नाही? आणि टॉवरच्या मते ती झालीच असली तर कारकुनाच्या हातून झाली होती. त्याला खुपत होतं ते निराळंच. विमान आलं तर तो फाटकवाला होणार, आणि नाही आलं तर मॅनेजर राहणार. हयातभर ज्याची वाट पाहिली ते आलं की आपण संपलो, हे गणित त्याने आठवडाभर उलटसुलट मांडून पाहिलं. उत्तर तेच येत होतं.

फुली कधी घासायची, असं बायको रोज विचारी. आधीच घासली आणि भलतंच विमान उतरलं तर जबाबदारी कोणाची, असं तो रोज विचारी.

रविवारी दुपारी ती विचारायची थांबली. फावडं घेऊन एकटीच पट्टीवर गेली आणि खरवडायला लागली. टॉवर खोलीतून दुर्बिणीने बघत होता. वाळक्या भाकरीचे पापुद्रे निघावेत तसा चुना निघत होता, थरामागून थर, वर्षामागून वर्ष, आणि खाली काळंभोर डांबर उघडं पडत होतं. संध्याकाळपर्यंत तिने अलीकडच्या फुलीचा एक हात साफ केला. मग कमरेला हात लावून उभी राहिली. वर खोलीकडे तिने पाहिलं नाही. फावडं तिथेच टाकून ती भावाकडे गेली: आजची रात्र तिकडेच राहते, पहाटे आम्ही दोघं येऊन उरलेलं उरकतो, असा निरोप शेजारणीबरोबर आला.

अजून उजेड होता. टॉवर खाली उतरला. चुना कुठे ठेवलेला असतो हे त्याला शोधावं लागलं, आणि सरस किती घालतात हे त्याला माहीतच नव्हतं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने चुना कालवला. गुठळ्या राहिल्या. मग बादली, कुंचला, खुंट्या आणि दोरी घेऊन तो पट्टीवर गेला आणि तिने उघडं पाडलेलं डांबर त्याने पुन्हा भरून काढलं. अर्थ माहीत असून काढलेली ही त्याची पहिली फुली. जाणकारांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते की रेघ आता कुठे सुधारली.

सोमवारी सकाळी कुंपणापाशी सगळं गाव जमलं. विमान येणार ही बातमी टॉवरने स्वतःच आठवडाभर पसरवली होती. इतकी मोठी बातमी पोटात ठेवणं त्याच्या प्रकृतीला मानवणारं नव्हतं. म्हातारे खुर्च्या घेऊन आले होते. बायको आणि मेहुणा पहाटेच फावडी घेऊन पट्टीवर पोचले होते आणि ओल्या चुन्यापाशी उभे होते. खरवडायला गेलं की तो पसरत होता आणि फुली आणखी रुंद होत होती. मेहुण्याने थोडा वेळ प्रयत्न केला. मग त्याने बहिणीकडे पाहिलं आणि फावडं खाली ठेवलं.

टेकड्यांच्या बाजूने आवाज आला. विमान खरंच आलं, पांढरं, लहानसं. पट्टीवर बरंच खाली आलं, इतकं की आत बसलेल्या बाईंचा चेहरा दिसल्यासारखा वाटला. एक घिरटी घातली, दुसरी घातली. मग पंख किंचित कलवून ते आल्या वाटेने निघून गेलं. विजारीचा पाय थोडा फडफडला आणि खाली लोंबला.

खुर्चीतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "का रे टॉवर, उतरलं का नाही?"

टॉवरने टोपी काढली, आतून पुसली, पुन्हा घातली.

"मी परवानगी दिली नाही," तो म्हणाला.

विमानावरच्या आपल्या अधिकाराविषयी आजवर तो जे काही बोलला होता, त्यातलं हे पहिलंच वाक्य शब्दशः खरं होतं. आणि बहुधा म्हणूनच कोणी हसलं नाही. लोकांनी आभाळाकडे पाहिलं, मग टॉवरकडे पाहिलं, आणि खुर्च्या उचलून कुंपणाच्या कडेने, न सांगता, मुकाट्याने वळसा घालून घरी गेले. गावाची रीतच अशी. कोणी काही घडवायला गेला की त्याला हसायचं, आणि ज्याने घडू दिलं नाही त्याला वचकून राहायचं.

शाळेने दुसरीकडे एक पट्टी पाहिली. ऑफिसातून कारकुनाचा फोन आला, फुली का पुसली नाही म्हणून. टॉवर म्हणाला की मारायचा हुकूम ऑफिसने दिला होता, पुसायचा ऑफिसने दिला नव्हता. कारकुनाला हे इतकं पटलं की त्याने फोन ठेवताना त्याला चक्क "साहेब" म्हटलं.

बायकोने पातेली परत केली. बाकं मात्र तशीच मागच्या खोलीत राहिली, कारण मेहुणा ती न्यायला आला नाही. ती गुणगुणायची थांबली, आणि टॉवरला वाटलं घर आता पूर्वीसारखं झालं. पुढे हवा कोरडी झाली तसा तो टिपापाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, चुना भिजवायला घ्यावा आता.

"तुमचा चुना तुम्ही कालवा," ती म्हणाली. "आणि पिशवी फाटली तर दुसरा पायही तुम्हीच कापा."

तेव्हापासून तोच कालवतो. गुठळ्या राहतात, पण वरून त्या दिसत नाहीत. विमानशाळेची मुलं अजून त्या बाजूने येतात आणि बंद पट्टी कशी असावी ते बघून जातात. टॉवर आता त्यांच्यामागे टोपी हलवत धावत नाही. आवाज ऐकू आला की तो पायऱ्या उतरून पट्टीच्या मधोमध येतो, पाय फाकून उभा राहतो आणि एक हात वर करून तळवा आभाळाला दाखवतो: थांबा. आणि विमान आजवर एकदाही न चुकता त्याचं ऐकतं.